कंदिलाचा कागद आधी मोजा, एलईडी पट्टी नंतर घ्या

ऐरोलीहून भाचीचा मेसेज आला. सोबत ऑनलाइन दुकानांचे चार स्क्रीनशॉट. "मामा, आकाशकंदिलात फिरते रंग करायचेत. यातली कुठली पट्टी घेऊ?"

मी विचारलं, "कंदिलाचा कागद दिव्यांपासून किती लांब असणार?"

पाच मिनिटं सामसूम. मग उत्तर: "मामा, मी पट्टीचं विचारतेय, कागदाचं नाही."

तिला काय बोलणार? मीसुद्धा माझी पहिली पट्टी फोटो बघूनच घेतली होती. नौपाड्यातल्या आमच्या घरी गणपतीच्या मखरासाठी ५ मीटरचं रीळ आणलं, ३०० दिव्यांचं. घरातल्याच मोबाइल चार्जरला जोडलं आणि सगळे दिवे पांढरे केले. चार्जर बंद पडला, पुन्हा चालू झाला, पुन्हा बंद. मखर रात्रभर डोळे मिचकावत राहिलं. दुसऱ्या दिवशी दणकट पॉवर सप्लाय आणला, तर मूर्तीच्या एका हाताला शुभ्र चांदणं आणि दुसऱ्या हाताला उकाळ्याचा रंग. खराब माल दिलात म्हणून दुकानदाराला चार शब्द ऐकवूनही आलो. पट्टी ठणठणीत होती, हे मला नंतर व्होल्ट मोजणाऱ्या मल्टिमीटरने सांगितलं.

भाचीला मग जे सविस्तर समजावलं तेच इथे लिहितोय. दिवाळीच्या तोंडावर हा प्रश्न मला आणखी तिघाचौघांनी विचारलाय.

मोदकांचं ताट

रिमोटसकट मिळणारी साधी रंगीत पट्टी आणि अ‍ॅड्रेसेबल पट्टी यांत फरक आहे. साध्या पट्टीत लाल, हिरवा, निळा अशा तीन रंगांच्या तीन वायरी सगळ्या दिव्यांना सामाईक असतात, त्यामुळे लाल म्हटलं की अख्खी पट्टी लाल. अ‍ॅड्रेसेबल पट्टीत प्रत्येक दिव्याच्या पोटात स्वतःची चिमुकली चिप असते. मंडळांची आरास करणारे हिला नुसतं 'पिक्सेल' म्हणतात. सगळ्यात जास्त खपणारी चिप म्हणजे वर्ल्डसेमी या चिनी कंपनीची डब्ल्यूएस२८१२बी. पुढे हिला मी २८१२ म्हणतो. अ‍ॅडाफ्रूट या अमेरिकी कंपनीने असल्या दिव्यांना 'निओपिक्सेल' नाव दिलं आणि ते नाव इतकं चाललं की लोकांना ती वेगळी वस्तू वाटते. ५ मिलिमीटर लांबी-रुंदीच्या त्या चौकोनात भिंगातून पाहिलंत तर तीन रंगांचे तीन कण आणि शेजारी एक काळा ठिपका दिसेल. ती चिप.

३०० दिव्यांना ३०० वेगळे निरोप एकाच वायरीतून जातात कसे? पंगत डोळ्यांसमोर आणा. पहिल्या पाटावरच्या माणसाच्या हाती मोदकांचं ताट दिलं. तो सगळ्यात वरचा एक मोदक आपल्या पानात घेतो आणि ताट शेजारी सरकवतो. शेजारीही तेच करतो. आपण कितव्या पाटावर बसलोय हे कुणालाच ठाऊक नसतं. 'समोर आलेल्यातला पहिला माझा' एवढा एकच नियम. तरी दहाव्याला नेमका दहावा मोदक मिळतो. इथे एक मोदक म्हणजे २४ बिट, म्हणजे शून्य-एकचे २४ संकेत. ८ हिरव्याचे, ८ लालचे, ८ निळ्याचे. हो, हिरवा आधी. आणि श्लोक संपेपर्यंत पंगतीत कुणी घास घेत नाही, तसंच इथे आहे: वायर काही क्षण गप्प झाली की सगळे दिवे आपापला रंग एकदम लावतात. ही गप्प राहण्याची वेळ जुन्या चिपला ५० मायक्रोसेकंद पुरायची, नव्या चिपला २८० लागतात.

पंगत पक्की लक्षात ठेवा, कारण पट्टीचे बरेचसे नखरे तिच्यातूनच उलगडतात. ताट एकाच दिशेने जातं, म्हणून पट्टीवर बाण छापलेले असतात; उलट्या टोकाला जोडलंत तर काहीच होणार नाही. मधला एक दिवा मेला तर पुढच्या सगळ्यांना ताट मिळत नाही, आणि अर्धी पट्टी अंधारात जाते. बहुतेक वेळा मरतो तो पहिला दिवा, कारण चालू विजेत वायर खुपसण्याचा मार तोच खातो. असं झालं तर रीळ फेकू नका, पहिला दिवा कापा आणि दुसऱ्याला पहिला करा. शिवाय प्रत्येक चिप सिग्नल नव्याने घडवून पुढे देते, म्हणून पट्टी लांबली तरी सिग्नल मलूल होत नाही. कंट्रोलरपासून, म्हणजे हे निरोप पाठवणाऱ्या छोट्या बोर्डापासून, पहिल्या दिव्यापर्यंतची वायर मात्र आखूड ठेवा. तिथे ताट उचलून न्यायला कुणीच नसतं.

वेळेचाही हिशेब आहे. एका बिटला १.२५ मायक्रोसेकंद, म्हणजे एका दिव्याला ३०, ३०० दिव्यांना ९ मिलिसेकंद. १,००० दिवे एकाच वायरीवर लावले तर ३० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला जेमतेम ३३ चित्रं. कंदिलाने याची चिंता करू नये. सोसायटीच्या गेटवर मोठा फलक करणाऱ्याने करावी आणि पट्टी दोन-तीन वायरींवर वाटून घ्यावी.

आता कागद

पट्टीवर मीटरला ३०, ६० किंवा १४४ दिवे असतात. जास्त दिवे म्हणजे जास्त चांगलं, असं वाटतं. भाचीनेही १४४ वर बोट ठेवलं होतं.

३० च्या पट्टीत दोन दिव्यांत साधारण ३३ मिलिमीटर अंतर असतं, ६० मध्ये १७, १४४ मध्ये जेमतेम ७. दिव्यांसमोरचा कागद या अंतरापेक्षा जवळ असेल तर ठिपके ठिपके दिसतात. तेवढा किंवा त्याहून लांब असेल तर प्रकाश एकमेकांत मिसळतो. मी दीडपट अंतर ठेवतो. तिच्या कंदिलात मधोमध पीव्हीसी पाइपचा तुकडा, त्यावर पट्टी गुंडाळलेली, आणि बाहेर कामट्यांच्या सांगाड्यावर कागद. तिने पाइपपासून कागदापर्यंत टेप लावून मोजलं: १२ सेंटिमीटर. म्हणजे ३० ची पट्टी घेतली तरी कागदावर एकसंध रंग पडणार. १४४ ची घेतली असती तर पैसे पाचपट दिव्यांचे गेले असते आणि डोळ्यांना फरक शून्य. वर एक मीटर १४४ ची पट्टी पूर्ण पांढरी लावली तर ४३ वॉट खाते. कागदाच्या बंद डब्यात एवढी उष्णता मला तरी नको.

उलटं उदाहरण म्हणजे दारावरची नावाची पाटी. तिथे दुधी अ‍ॅक्रिलिकच्या मागे जेमतेम एक सेंटिमीटर जागा असते, तर १४४ लागेल, नाहीतर खोली वाढवावी लागेल. नाटकाच्या नेपथ्याला प्रेक्षकांपासून वीस फुटांवर पट्टी उघडी ठेवायची असेल, तर ठिपकेच छान दिसतात. तिथे कागदाचा प्रश्नच नाही.

कागदावरून आठवलं. तिने लाल आणि पिवळा जिलेटिन कागद आणून ठेवला होता. लाल जिलेटिन लालशिवाय बाकीचा प्रकाश गिळतं. आत निळा लावा, बाहेर जवळजवळ काळोख. आत साधा पिवळा बल्ब असायचा त्या काळी रंग कागदाने द्यायचा होता, तेव्हा ते ठीक. आता रंग दिवा देणार, मग कागद पांढराच हवा. पतंगाचा पांढरा कागद किंवा बटर पेपर. करंज्या आणि झिरमिळ्या हव्या तेवढ्या रंगीत करा.

तर २ मीटर, मीटरला ३०, म्हणजे ६० दिवे. हा आकडा हाती आला आणि मगच खरं काम सुरू झालं.

चाळीचा नळ

२८१२ चा एकेक रंग पूर्ण तेजावर साधारण २० मिलिअँपिअर घेतो. तिन्ही मिळून पांढरा, ६०. कंदिलाच्या ६० दिव्यांना म्हणजे ३.६ अँपिअर. माझ्या मखरातल्या ३०० दिव्यांना १८ अँपिअर, आणि मी जोडला होता २ अँपिअरचा चार्जर. नऊपट ओझं मागितल्यावर तो बिचारा जीव वाचवायला बंद पडत होता.

१८ अँपिअर म्हणजे किती हे पटकन कळत नाही. घरातला २,००० वॉटचा गीझर २३० व्होल्टवर ९ अँपिअरच्या आसपास घेतो. ही नाजूक पट्टी त्याच्या दुप्पट. वॉट मात्र फक्त ९०, कारण व्होल्ट ५. पण वायर तापते ती अँपिअरने, तिला वॉटशी देणंघेणं नसतं. रिळाच्या टोकाला चिकटून येणाऱ्या त्या केसासारख्या वायरींतून हे सगळं न्यायला गेलात, तर त्या आधी कोमट होतात, मग मऊ.

आता तो उकाळ्याचा रंग. चाळीत एकाच बारीक पाइपवर ओळीने नळ असतात. सकाळी सगळ्यांनी एकदम सोडले की पहिल्या खोलीत धो धो आणि शेवटच्या खोलीत करंगळीएवढी धार. पट्टीतला तांब्याचा थर हा तो बारीक पाइप. प्रत्येक दिवा थोडा करंट ओढतो आणि पुढे जाताना व्होल्ट कमी कमी होत जातात. माझ्या रिळाच्या शेवटी मल्टिमीटरने ३.६ दाखवले. एलईडीतल्या लाल कणाला २ व्होल्टच्या आसपास पुरतात, हिरव्या-निळ्याला ३ च्या वर हवेत आणि चिपचं स्वतःचं थोडं वेगळं. म्हणून व्होल्ट घसरले की आधी निळा मान टाकतो, मग हिरवा, लाल शेवटपर्यंत तग धरतो. पांढऱ्यातून निळा गेला की उरतो पिवळट तांबूस. तोच उकाळा. निळा एलईडी तसाही हट्टी. लाल आणि हिरवा बाजारात येऊन कितीतरी वर्षं झाली तरी तो नीट जमत नव्हता, आणि तो जमवल्याबद्दल आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ मध्ये पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं.

उपाय चाळीतलाच: पाइपला दोन्ही टोकांनी पाणी द्यायचं. पॉवर सप्लायपासून १ स्क्वेअर एमएमची जाड वायर ओढा आणि पट्टीच्या सुरुवातीला, शेवटी, आणि लांबी जास्त असेल तर मध्येही प्लस-मायनस जोडा. ५ व्होल्टच्या ६० वाल्या पट्टीला मी दर दोन-अडीच मीटरवर जोडतो. निरोपांची, म्हणजे डेटाची वायर मात्र एकाच टोकाला. ताट दोन्हीकडून फिरवायचं नाही. दोन वेगळे सप्लाय वापरत असाल तर मायनस सगळे एकत्र, पण प्लस एकमेकांना जोडू नका. पट्टीवरची प्लसची रेघ त्या जागी तोडा.

सप्लाय घेताना आलेल्या आकड्यावर पाव हिस्सा वाढवा. ३.६ ला ५ अँपिअरचा एसएमपीएस (दुकानात पॉवर सप्लायला हेच म्हणतात) छान. जाळीदार पत्र्याच्या डब्याचा घेतलात तर त्याच्या स्क्रूंवर २३० व्होल्ट उघडे असतात. घरात पोरं आणि मांजर असतील तर झाकणवाला अ‍ॅडाप्टर घ्या. अर्थिंग जोडा. आणि फ्यूज टाका, हे मी हात जोडून सांगतो. ५ व्होल्टचा झटका लागत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात, पण २० अँपिअरच्या सप्लायला बारीक वायर जळतेय हे कळतच नाही. त्याच्या लेखी ते जोडलेलं एखादं जास्तीचं दिव्याचं रीळ. मोटारीत वापरतात ते चपटे फ्यूज प्रत्येक जोडवायरीला एकेक लावले की काम झालं. कागद, कापड, वाळलेली फुलं यांच्या शेजारी आपण हे सगळं ठेवतो.

एक मात्र चांगलं आहे. सगळे दिवे पूर्ण पांढरे, अशी वेळ फारशी येत नाही, आणि येऊ द्यायची नाही हे प्रोग्रॅमला सांगता येतं. डब्ल्यूएलईडी हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर असो की फास्टएलईडी ही लायब्ररी (तयार कोडचा संच), दोन्हींत 'इतक्या मिलिअँपिअरच्या वर जाऊ नकोस' अशी मर्यादा घालता येते. भाचीला मी २,००० वर बांधून टाकलंय. डोळ्यांना त्याने फार कमी वाटत नाही, कारण आपली नजर उजेड सरळ रेषेत मोजत नाही. २५५ पैकी १२८ तेज दिलं तर ते निम्मं न दिसता बरंच जास्त दिसतं. अंधाऱ्या गॅलरीत ८० सुद्धा भरपूर होतं.

बॅटरीवर काही करणार असाल तर आणखी एक गोष्ट: विझलेला दिवाही खातो. चिप जागी असते, तिला प्रत्येकी एक मिलिअँपिअरच्या आतबाहेर लागतं. ३०० दिव्यांचं रीळ काळंकुट्ट दिसत असताना पाव अँपिअर गिळत बसतं आणि छोटी पॉवर बँक सकाळपर्यंत रिकामी. स्विचने वीजच तोडा.

बारा व्होल्टचा मोह

कंदिलाचं जमल्यावर भाचीला गॅलरीच्या रेलिंगचं स्वप्न पडलं. ५ मीटर, चौथा मजला, खालून रस्त्यावरून दिसायला हवं. इथे मी पहिल्यांदा ५ व्होल्ट सोडायला सांगितलं.

९० वॉट १२ व्होल्टवर न्यायचे तर करंट १८ वरून साडेसात होतो. तेवढ्याच तांब्यात पडझड कमी, आणि ती १२ मधून वजा होते, ५ मधून नाही. टक्क्यांत पाहिलं तर घट जवळपास पावणेसहापटीने कमी. म्हणजे मधे कुठेही न जोडता, फार तर दोन्ही टोकांना जोडून ५ मीटर सहज निघतात.

१२ व्होल्टच्या दोन जाती. स्वस्त ती डब्ल्यूएस२८११: एक चिप तीन दिव्यांना मिळून हाकते, तिघांचा रंग नेहमी सारखा. मीटरला ६० दिवे असले तरी स्वतंत्र ठिपके २० च, आणि कात्रीही दर तीन दिव्यांनंतरच चालवता येते. गणपती मंडळांच्या फलकांवर जे गोळीसारखे पिक्सेल टोचलेले दिसतात, त्यांच्यातही बहुधा हीच चिप. महाग ती डब्ल्यूएस२८१५: इथे प्रत्येक दिवा स्वतंत्र, शिवाय डेटाची एक जादा वायर. पंगतीतला एक जण उठून गेला तरी पलीकडचा हात लांबवून ताट घेतो. लागोपाठ दोघे उठले तर मात्र पंगत तिथेच संपते.

२८१५ ची एक खोड मात्र जाहिरातीत नसते. तिच्या आत तिन्ही रंगांचे कण एकामागे एक, साखळीत असतात. त्यामुळे नुसता लाल लावा की तिन्ही लावून पांढरा, करंट जवळपास तेवढाच. 'रंगीत वापरणार, म्हणजे तिसरा हिस्सा वीज' हा २८१२ चा हिशेब इथे लागू पडत नाही.

रेलिंगला माझं मत २८११ ला गेलं. तीन दिवे म्हणजे ५ सेंटिमीटर. चार मजले खालून ते कुणाला वेगळे दिसणार आहेत? पण तिच्या बाबांनी, म्हणजे आमच्या भावोजींनी, रेलिंगला भोकं पाडायला साफ नकार दिला आणि ते प्रकरण पुढच्या दिवाळीवर गेलं. एका अर्थी बरंच झालं, कारण एकाच टेबलावर ५ आणि १२ चे दोन सप्लाय असले की कधीतरी हात चुकतो आणि ५ व्होल्टची पट्टी क्षणात राख होते. माझी एक झाली आहे.

बाकीच्या चिपांबद्दल थोडक्यात. एसके६८१२ च्या एका प्रकारात लाल-हिरवा-निळ्याच्या जोडीला खराखुरा पांढरा कण असतो. वाचायचा दिवा, देवघर, जिथे उबदार पांढरा हवा तिथे ती घ्या. तीन रंग मिसळून केलेला पांढरा चेहऱ्यांवर आणि जेवणावर वाईट दिसतो. एपीए१०२ आणि तिची नक्कल एसके९८२२ यांना डेटासोबत घड्याळाची, म्हणजे बिटांना ठेका देणारी, वेगळी वायर असते. २८१२ च्या जुन्या चिपा सेकंदाला ४०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना कळत नाही, पण मोबाइलच्या व्हिडिओत पट्टे येतात आणि दिवा हवेत फिरवला तर तुटक रेघ दिसते. एपीए१०२ सेकंदाला हजारो वेळा लुकलुकते. फिरत्या काठीने हवेत अक्षरं उमटवायची असतील किंवा कॅमेऱ्यासमोर काम असेल, तर तिच्यावर पैसे घाला. कंदिलात नको.

मेंदू आणि साडेतीन व्होल्ट

कंट्रोलर म्हणून बरेच जण अर्डुइनो उनो हा बोर्ड घेतात. त्याच्या आर३ आवृत्तीत २ किलोबाइट मेमरी, एका दिव्याला ३ बाइट. ३०० दिव्यांना ९०० बाइट जातात. ५०० च्या पुढे त्याचा जीव गुदमरतो. शिवाय अ‍ॅडाफ्रूटची लायब्ररी डेटा पाठवताना उनोला बाकीचं सगळं ऐकायचं बंद करायला लावते, म्हणून त्याच उनोला टीव्हीच्या रिमोटने हुकूम द्यायचा प्रयत्न केलात तर तो अर्धे हुकूम ऐकणारच नाही. मी हल्ली सगळ्यांना ईएसपी३२ हा वाय-फायवाला बोर्ड सांगतो. त्यावर डब्ल्यूएलईडी चढवलं की कोडची एक ओळ न लिहिता मोबाइलवरून रंग फिरतात. शिकायचं असेल तर कोड लिहाच, पण पहिल्या दिवशी दिवे लागलेले दिसले की उत्साह टिकतो.

ईएसपी३२ ची भानगड अशी: ती ३.३ व्होल्टमध्ये बोलते. २८१२ ला ५ व्होल्टवर 'हो' ऐकू यायला पुरवठ्याच्या ०.७ पट, म्हणजे ३.५ हवेत. बऱ्याचदा ३.३ वरही चालतं, आणि तीच खरी पंचाईत. टेबलावर चालतं, गॅलरीत लांब वायर लावली की मधूनच एखादा हिरवा दिवा चमकून जातो आणि आपण कोडमध्ये चूक शोधत बसतो. ७४एएचसीटी१२५ नावाची चिप मध्ये टाका, ती ३.३ चं ५ करून देते. ती नसेल तर जुना जुगाड आहे: पहिल्या एकाच दिव्याला १एन४००७ डायोडमधून वीज द्यायची. डायोड साधारण ०.७ व्होल्ट खातो, त्या दिव्याला ४.३ मिळतात, आणि ४.३ चं ०.७ पट म्हणजे ३ च्या आसपास, जे ३.३ ला सहज जमतं. तो दिवा मग पुढच्याला सिग्नल ४.३ ने देतो.

डेटाच्या वायरीत ३३० ते ४७० ओहमचा रेझिस्टर, पट्टीच्या तोंडाशी प्लस-मायनसवर १,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. आणि कंट्रोलरचा मायनस सप्लायच्या मायनसला जोडायला विसरू नका. रात्री अकरानंतर मला येणाऱ्या 'काहीच लागत नाहीये' अशा फोनांपैकी बहुतेकांचं निदान इथेच होतं.

पाणी आणि खरेदी

पट्टी धूळ-पाण्याला किती तोंड देते हे तिचा आयपी आकडा सांगतो, आणि त्यातला दुसरा अंक पाण्याचा. ३० म्हणजे उघडी, ६५ म्हणजे वर सिलिकॉनचा थर, ६७ म्हणजे पूर्ण नळीत. छपराखालच्या कंदिलाला खरं तर ३० पुरते, आणि तिची उष्णताही बाहेर पडते. पण आपल्याकडे परतीचा पाऊस ऑक्टोबरात कधी गाठेल याचा नेम नसतो, म्हणून मी ६५ सांगितली. कापलेलं टोक मात्र उघडं राहतं आणि पाणी तिथूनच शिरतं. ते बंद करताना व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नका, त्यातलं आम्ल तांब्याला खातं. वास नसलेलं, न्यूट्रल प्रकारचं मागा.

खरेदीला ती स्वतः लॅमिंग्टन रोडला गेली. ठाण्याहून दादर, तिथून पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड, पूर्वेला बाहेर. पाट्यांवर डॉ. भडकमकर मार्ग असलं तरी कुणी तसं म्हणत नाही. मी तिला सांगितलं होतं, नावावर जाऊ नकोस, पट्टीवरचे तांब्याचे ठिपके वाच. तीन ठिपके आणि त्यावर ५ व्होल्ट, डीआयएन (डेटा आत), जीएनडी (मायनस) असेल तर आपली. चार ठिपके आणि १२ व्होल्ट, जी, आर, बी असेल तर ती रिमोटवाली साधी; कितीही स्वस्त देत असतील तरी नको. चार ठिपक्यांत डीआय आणि बीआय दिसलं तर जादा डेटावाली, सीआय आणि डीआय दिसलं तर घड्याळवाली. जमलं तर दुकानातच दोन दिवे लावून बघ. लाल सांगितल्यावर हिरवा लागला तर घाबरू नको, रंगांचा क्रम वेगळा आहे एवढंच, सेटिंगमध्ये बदलतो.

पट्टी, ईएसपी३२, ५ अँपिअरचा सप्लाय, एक ७४एएचसीटी१२५, चार फ्यूज घेऊन ती परतली. दाबून बसवायचे क्लिपवाले कनेक्टरही तिने आणले होते, ते मी काढून ठेवले. कंदील वाऱ्यावर हलतो, क्लिप सैल होते. वायर सोल्डर करायला लावली. पहिले तीन डाग वाईट पडले, चौथा माझ्यापेक्षा चांगला.

रात्री साडेदहाला फोटो आला. पाइपवर गुंडाळलेली पट्टी, सगळे दिवे पांढरे, शेवटच्या टोकाला मल्टिमीटरच्या दोन सुया आणि पडद्यावर ४.७.

"मामा, चालेल?"

"चालेल. आता कागद चिकटव."